बाराखांबीची खुंटी

शनिवारी सकाळी गुंडू मेस्त्री दुकान उघडायला आला आणि पहिली फळी हातात धरून तसाच उभा राहिला. दारातल्या खांबावर आकडा होता. पांढऱ्या खडूनं काढलेला, पंजाएवढा. अकरा. समोरच्या खांबावर बारा.

त्यानं मान वळवून बोळाच्या पार त्या टोकापर्यंत बघितलं. दहा, नऊ, आठ, सात, थेट एकपर्यंत. एकही खांब सोडलेला नव्हता. शुक्रवारी दुपारी बाजार बंद झाला तेव्हा यातलं काही नव्हतं.

आखातातल्या मनामाच्या जुन्या बाजारात हा एक छप्पर घातलेला बोळ होता. दोन्ही बाजूंना सहा सहा बिडाचे खांब, खांबांच्या डोक्यावर पानांची नक्षी, वर लाकडी तुळयांचं छप्पर आणि खाली दाटीवाटीनं दुकानं. अरबीत त्याला भलंथोरलं नाव होतं. आपल्या लोकांना ते तोंडात बसेना, म्हणून त्यांनी बाराखांबी करून टाकलं. अठ्ठ्याहत्तर साली तिथं उभं राहून मराठीत शिवी दिली असती तर चार दुकानांतून माना वळल्या असत्या.

गुंडूच्या दुकानापुढचे शेवटचे दोन खांब मात्र दिसायला लाकडी होते. दुकानाचा मालक ताहिर, त्यानं कधीकाळी त्यांना चारी बाजूंनी फळ्या मारून घेतल्या होत्या, हत्यारं टांगायला. आता दोन्हीकडची एकेक फळी उचकटलेली होती, आतलं बीड उघडं पडलं होतं आणि आकडा त्या बिडावर होता. काढलेल्या फळ्या भिंतीला नीट टेकवून ठेवल्या होत्या. चोरानं घरात शिरताना चपला जोडीनं लावून ठेवाव्यात तशा.

"शंभू," गुंडूनं समोरच्या शिंप्याला हाक मारली. "ह्या कोणी केलां?"

शंभू दापोलीकडचा. मशीनवरून डोकंही न उचलता म्हणाला, "तो गोरा. टेप घेऊन फिरतो तो. काल दुपारी होता म्हणे, शिडी घेऊन. रंगबिंग देणार असतील."

"रंगाक नंबर कित्याक लागता?"

"मला काय माहीत. पायजमे शिवतो मी."

गुंडूला मात्र माहीत होतं.

तो कुडाळकडचा सुतार. बाप तुकाराम मेस्त्री पंचक्रोशीत नावाजलेला, आणि त्याचं नाव होतं ते घरं बांधण्यापेक्षा घरं उतरवण्यात. त्यांच्याकडं जुनं घर विकलं की घेणारा जमीन घेत नसे, लाकूड घेई. मग तुकाराम मेस्त्री चार दिवस आधी जाऊन प्रत्येक खांबाला, तुळईला, वाशाला पटाशीनं खाचा मारायचा. एक खाच म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा, आडवी खाच म्हणजे पाच. त्यानंतर घर खाली यायचं, गाड्यांवर चढायचं आणि तीन गावं ओलांडून खाचांच्या हिशेबानं पुन्हा जसंच्या तसं उभं राहायचं. गुंडूनं शाळा सोडली ती याच कामाला. खाच नसलेलं लाकूड कोणी नेत नसे. कुठं बसवायचं तेच कळणार नाही, तर नेऊन करायचं काय.

आणि बापाची एक खोड होती. उतरवलेल्या प्रत्येक घराची सांध्यात ठोकायची एक लाकडी खुंटी, आढ्याजवळची, तो गुपचूप स्वतःच्या पिशवीत टाकायचा. घर नव्या जागी उभं राहिलं की शेवटी स्वतः जाऊन ती ठोकायचा. तोवर ती त्याच्याकडं. "नेणाऱ्याचो काय भरवसो," म्हणायचा. मेला तेव्हा पडवीत दोन खुंट्या तशाच होत्या. ती दोन घरं कुठं गेली, ते कोणालाच कळलं नाही.

तर खांबावर आकडा म्हणजे काय, हे गुंडूला पायजमे शिवणाऱ्यानं सांगायची गरज नव्हती. कोणीतरी बाराखांबी उचलून न्यायला निघालं होतं.

बाराखांबी गेली की ताहिरचं दुकान गेलं. पितळी फुल्या ठोकलेले सागवानी पेटारे करायचं आणि जुने दुरुस्त करायचं दुकान होतं ते. ताहिर सत्तरीला टेकलेला, मुलं बँकेत आणि विमान कंपनीत, धंद्यात कोणी नाही. त्यानं एकदा सरळच सांगितलं होतं, "ये दुकान खलास, तो मैं घर बैठेगा. दूसरा दुकान मफी, नहीं. तू इंडिया." गुंडूचा व्हिसा त्या दुकानाच्या नावावर होता. नऊ वर्षं तो त्याच्यावर टिकून होता, आणि व्हिसा आता दोन खडूच्या आकड्यांवर आला होता.

दहाच्या सुमाराला टेपवाला आला. उंच, वाळका, मान उन्हानं लाल झालेली, खिशात चार पेन्सिली. हा पेटाऱ्याची किंमत विचारत नव्हता, अत्तर हुंगत नव्हता, बुरख्यातल्या बायकांचे फोटो काढत नव्हता. बाजारात येऊन बाजार सोडून वरती बघणारा माणूस गुंडूनं पहिल्यांदाच बघितला. टेपचं दुसरं टोक धरायला बेसिल होता.

बेसिल वसईचा. गोऱ्याच्या कंपनीत नकाशे काढायचा. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. शुक्रवारी चर्चला आणि इतर दिवशी ऑफिसला. गुंडूशी त्याची ओळख पेटाऱ्यापुरती होती. लग्नाचा पेटारा त्यानं गुंडूकडून करून घेतला होता.

"बेसिलबाब," गुंडू म्हणाला, "खांब मोजून झाले काय?"

"झाले, मेस्त्री."

"मगे आता?"

"सर्व्हे आहे."

"सर्व्हे म्हंजे काय करतत?"

बेसिलनं साहेबाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऑफिसचं आहे. बाहेर बोलायचं नाही असं सांगितलंय. तुमचं नुकसान नाही होणार."

आता ज्याचं नुकसान व्हायचं नाही त्याला असं कोणी मुद्दाम सांगतं का? गुंडूनं हातातला रंधा बाकावर आपटला. "माझ्या खांबाची फळी काढलंस. विचारलंस माका?"

"ताहिरला विचारलं होतं."

गुंडू आत गेला. ताहिर चटईवर बसून माळ ओढत होता. "साब अच्छा आदमी," म्हणाला. "मेरे साथ कावा पिया."

म्हणजे कॉफीच्या एका कपात दोन खांब दिले. गुंडू बाहेर आला तेव्हा टेपवाला शिडीवर होता आणि बोटाच्या पेरानं तुळया ठोकून बघत होता. लाकूड पोखरलंय की भरीव आहे ते बघायला सुतार ठोकतो, अगदी तसंच. म्हणजे येतंय याला. बेसिल खाली शिडी धरून. आणि साहेबाची वही गुंडूच्या बाकावर उघडी.

गुंडूनं हात लावला नाही. डोळ्यांनीच बघितलं. वहीत एक फोटो खोचलेला होता, काळा पांढरा. त्यात हेच खांब होते. हीच पानांची नक्षी, हेच मधलं कडं, खाली हीच आठ कोनांची बैठक. पण वर काचेचं छप्पर, खाली ओली फरशी, टोप्या घातलेले गोरे आणि टोपल्या घेतलेल्या गोऱ्या बाया. एका खांबाला टांगलेला सोललेला ससा. आणि मागच्या खांबावर, नीट बघितलं तर, पांढरा आकडा.

म्हणजे या माणसानं एक बाजार आधीच नेला होता.

दुपारी मथुरा डबे घेऊन आली. वेंगुर्ल्याची, नवरा ड्रायव्हर, नईम भागातल्या खोलीत वीस जणांचं जेवण रांधायची आणि स्वतः वाटत फिरायची. गुंडूनं तिला सगळं सांगितलं. ती डबा ठेवून खांबाकडं बघत राहिली.

"एवढो खांब विमानात कसो मावतलो, भावजी?"

"बोटीन नेतत."

"आणि तेंच्या देशात खांब नाय काय? हयसून नेऊक येतत ते?"

"वयनी, मी फोटो बगलंय. ह्या डोळ्यांनी."

"तुमच्या डोळ्यांक परवा माज्या आमटीत झुरळ दिसलेला. ती मिरी होती."

"मस्करी नको. माजो व्हिसा जातलो."

मथुरानं मग मस्करी केली नाही. तिच्या वीस जेवणाऱ्यांतले सहा बाराखांबीतले होते. "बेसिलाक नीट विचारा," एवढं म्हणाली. "ओरडा नकात. तुमी विचारतास तेव्हा माणूस पळान जाता."

बेसिलला गुंडूनं विचारलं नाही. जो सांगत नाही त्याला किती वेळा विचारायचं? बारा ते चार बाजार बंद. ताहिर घरी झोपायला गेला, शंभू मशीनखाली आडवा झाला, बोळात मांजरंसुद्धा पसरलेली. गुंडूनं फडकं ओलं केलं आणि अकरा पुसला. समोर जाऊन बारा पुसला. फळ्या जागच्या जागी बसवल्या, जुन्याच भोकांत जुनेच खिळे मारले, सांध्यावर मळका हात फिरवला. खिळ्यांची डोकी ताजी दिसू नयेत म्हणून वरून चहाचा चोथा चोळला. कोणाच्या बापाला कळलं नसतं की तिथं कधी फळी उघडली होती.

बाकीचे दहा खांब खुशाल न्या. खाच नाही ते लाकूड कोणी नेत नाही, आणि आकडा नाही तो खांब कोण नेणार.

पुढच्या आठवड्यात टेपवाला दिसला नाही. सुट्टीवर गेला म्हणे, स्वतःच्या देशात, वही बरोबर घेऊन. त्याच्याऐवजी बेसिल एकटा कॅमेरा घेऊन आला. घाम पुसत पुसत एकापासून दहापर्यंत प्रत्येक खांबाचा फोटो काढला आणि शेवटी येऊन उभा राहिला. दोन चौकोनी लाकडी खांबांकडं बघितलं. पुन्हा बघितलं. पाठीमागं जाऊन मोजले.

"मेस्त्री, इथं नंबर होता ना?"

"नंबर? खंय?"

"इथं. साहेबांनी मारलेला."

"लाकडी खांब हत ते. तुमचो साहेब बिडाच्या खांबांक नंबर मारी होतो." गुंडू पितळी फुली ठोकत राहिला. ठक, ठक, ठक. बेसिल जरा वेळ घुटमळला. ऑफिसात कोणीतरी घाई करत असणार, कारण त्यानं घड्याळ बघितलं, दोन्ही खांबांचे फोटो तसेच काढले आणि गेला.

त्या दिवशी गुंडूनं मथुराकडून एक भाकरी जास्त मागून घेतली.

दीड महिना गेला. जूनचं ऊन असं की लोखंडाला हात लावला तर फोड येईल. अशा दुपारी, बाजार नुकताच उघडला होता, बेसिल गुंडाळलेला कागद काखेत घेऊन ताहिरकडं आला. बाकावर कागद पसरला. गुंडूनं वाकून बघितलं. बाराखांबी होती ती, वरून बघितलेली. दहा काळे ठिपके. दहाव्या ठिपक्यानंतर एक लाल रेघ आणि रेघेच्या पलीकडं गुंडूचं दुकान, शंभूचं दुकान आणि मोकळा पांढरा कागद.

"ह्या काय?"

"रस्ता," बेसिल म्हणाला. "मोटारींचा. मागच्या बाजूनं येणार आहे, तो रुंद करायचाय. हा सगळा बोळच पाडणार होते, मेस्त्री. साहेबांनी भांडून वाचवला. जेवढा जुना आहे तेवढा ठेवायचा असं ठरलं. बिडाचे खांब म्हणजे जुना. नंबर त्याच्यासाठीच होते. नंबर असलेल्या खांबाला कोणी हात लावायचा नाही."

गुंडूनं दहाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"दहा खांब सापडले. पुढचा भाग लाकडी, नंतरचा, असं ऑफिसातल्या दुसऱ्या साहेबानं फोटोवरून ठरवलं. मी बारा म्हटलं, पण फोटोपुढं माझं कोणी ऐकलं नाही. तो भाग जाणार. तीन महिने आहेत."

बेसिलनं ते मोडक्या हिंदीत ताहिरला सांगितलं. ताहिरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खलास," म्हणाला, आणि चटईवर जाऊन बसला. रागानं नाही, रडून नाही. चहात साखर नको म्हणावं तसं.

बेसिल दारात थांबला. "आमचे साहेब काल परत आले. त्यांच्या वहीत बारा आहेत. माझ्या फोटोत दहा. उद्या ते स्वतः येतायत. मला म्हणाले, बेसिल, तू दोन खांब हरवलेस." तो गुंडूकडं बघतच राहिला. "लग्नाला वर्ष नाही झालं, मेस्त्री. ब्रिजिट येतेय पुढच्या महिन्यात."

"माका काय सांगतस?"

"मग कोणाला सांगू?"

"तुजी नोकरी, तुजे फोटो. माजे फळयेवर नजर ठेवू नको." आवाज इतका चढला की शंभूचं मशीन थांबलं. बेसिल मान खाली घालून गेला. बूट वाजवत.

गुंडू बाकावर बसला. हातातली हातोडी त्याला कळलंच नाही किती वेळ हातात राहिली. कबूल केलं तर साहेब पोलिसाला बोलावणार, सरकारी कामात हात घातला म्हणून. गप्प बसलं तर तीन महिन्यांत दुकान जाणार. कबूल केलं तरी विमान, गप्प बसलं तरी विमान. फरक एवढाच की एका विमानात बेसिलही बसला असता.

मथुरा रिकामे डबे न्यायला आली. डबा उघडून बघितला, जेवण तसंच. "काय झालां?"

गुंडूनं सांगितलं. तोंड वेडंवाकडं करत, शंभूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमी सोताचोच खांब पुसलास."

"वयनी, मी तेंका चोर समाजलंय."

"समाजलास ता समाजलास. आता त्या वसयकाराक कित्याक बुडयतास?"

"आणि गोऱ्यान सगळां खरां सांगला कशावरना? आज म्हणता नंबर तो ऱ्हवतलो. उद्या काय म्हणतलो?"

"ता तेकाच विचारा. पण खांब उघडो करून विचारा."

दुसऱ्या दिवशी टेपवाला आला तेव्हा गुंडू खांबापाशीच उभा होता, हातात पहार. साहेब दोन पावलं मागं सरला. त्याचं बरोबरच होतं. पहार घेऊन उभा असलेला सुतार, डोळे तांबारलेले, बाजूला शिंपी कात्री हातात घेऊन तमाशा बघतोय.

गुंडूनं पहार फळीत घातली आणि जोर केला. जुने खिळे किंचाळत बाहेर आले. एक फळी, दुसरी, तिसरी, चौथी. समोरच्या खांबाच्या चार. दहा मिनिटांत दोन्ही खांब डोक्यापासून पायापर्यंत उघडे उभे राहिले, पानांच्या नक्षीत तीस वर्षांची धूळ. मग त्यानं पहार खाली टाकली.

"सांग तेका. मी पुसलंय. बेसिलान नाय."

बेसिलनं इंग्रजीत सांगितलं. साहेबानं एकच प्रश्न विचारला.

"का पुसलंस, विचारतायत."

"तो चोर म्हणान."

"मेस्त्री, असं कसं सांगू मी?"

"तसांच सांग. एक शब्द कमी करू नको. माका इंग्लिश कळत नाय, पण तुजा तोंड कळता."

बेसिलनं घाम पुसला आणि सांगितलं. गुंडूनं साहेबाचं तोंड बघितलं. लाल मान आणखी लाल झाली. मग साहेबानं वही उघडली, तो फोटो काढला आणि गुंडूच्या हातात दिला. वाकून खांबाच्या बैठकीजवळची माती अंगठ्यानं खरवडली. खाली उठावाची अक्षरं होती. त्यानं फोटोवर बोट ठेवलं, मग अक्षरांवर.

बेसिल सांगत गेला. हे खांब साहेबांच्या गावचे. ओतले तिथं, आले इथं बोटीनं. फोटोतला बाजार त्यांच्या शहरातला, अगदी मध्यावरचा. त्यांची आजी तिथं ससे आणि कोंबड्या विकायची. चौदा वर्षांपूर्वी नगरपालिकेनं ठरवलं, बाजार जुना झाला, मोटारी लावायला जागा पाहिजे. लोक ओरडले, तेव्हा सांगितलं की पाडत नाही, उतरवतोय. प्रत्येक दगडाला नंबर, प्रत्येक खांबाला नंबर. दुसरीकडं जसंच्या तसं उभं करणार.

"आणि?" गुंडू म्हणाला.

"नगरपालिकेच्या उघड्या आवारात सगळं रचून ठेवलं. पाऊस पडला, नंबर धुऊन गेले. थोडे दगड लोकांनी नेले, बागेच्या कठड्यांना लावले. खांब भंगारात. साहेब तेव्हा नकाशे काढायला शिकत होते. खांबांवर आकडे त्यांनीच घातले होते."

गुंडूनं फोटो परत दिला. पडवीतल्या दोन खुंट्या त्याला आठवल्या, पण तो तसं काही बोलला नाही. "म्हंजे नंबर घालून नेलेच ना," म्हणाला. "मी म्हणी होतंय ता काय खोटां नव्हता."

बेसिलनं ते सांगितलं. साहेबानं फोटो वहीत ठेवला, मग मान हलवली. हो म्हणून.

पोलिस आला नाही. साहेबानं स्वतःच्या हातानं दोन्ही खांबांवर आकडे काढले, आणि या खेपेला खडूनं नाही, रंगानं. दोन आठवड्यांनी बेसिल नवीन कागद घेऊन आला. ठिपके बारा. लाल रेघ शंभूच्या दुकानाच्या मागच्या भिंतीच्या बाहेर. गुंडूनं फूटपट्टी घेऊन ती रेघ मोजली. मग पुन्हा मोजली.

"विश्वास नाही का?" बेसिलनं विचारलं. ब्रिजिट आली होती, त्यामुळं तो जरा मोकळा झाला होता.

"तुज्यावर आसा. कागदावर नाय."

पण एक लचांड निघालं होतं. शेवटच्या चार खांबांवरचं छप्पर वाळवीनं खाल्लं होतं. साहेबानं ठोकून ठोकून तेच शोधलं होतं. ते खाली घ्यायला पाहिजे, सडलेलं बदलायला पाहिजे, मग परत चढवायचं. त्यातलं चांगलं लाकूड जपून उतरवेल असा माणूस कंपनीकडं नव्हता. साहेब शिडीवरून उतरला आणि तुळईच्या टोकाकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाला.

"त्या ओरखड्यांचं विचारतायत. उंदरांचं काम आहे का म्हणे."

गुंडू वर चढला. तुळईवरची काजळी तळव्यानं पुसली. आडवी खाच, आडवी खाच, एक उभी. त्यानं पुढच्या तुळईवर हात फिरवला. आडवी, आडवी, दोन उभ्या. नऊ वर्षं तो याच छपराखाली बसून फुल्या ठोकत होता आणि एकदाही वर चढला नव्हता. आपल्याकडच्यासारखाच कोणी सुतार केव्हातरी हे छप्पर नंबर घालून घेऊन आला होता, किंवा दुसरीकडून कुठून उतरवून. कोण, कुठला, ते खाचा सांगत नाहीत.

"उंदरांक म्हणावा अकरा बारा येता," तो वरून म्हणाला. "नंबर हत हे."

साहेब धडपडत परत शिडीवर चढला. दोघं एका तुळईला लटकून बोटं फिरवत राहिले. गुंडू खाच वाचायचा, बेसिल खालून ओरडून इंग्रजीत सांगायचा, साहेब वहीत लिहायचा. मथुरा डबे घेऊन आली ती मान वर करून उभीच. "उतरा आता," म्हणाली. "आमटी गार झाली. मिरी घातलंय, आधीच सांगान ठेवतंय."

छप्पर गुंडूनंच उतरवलं, दोन गडी हाताखाली घेऊन, सात दिवसांत. साहेबाचा रंगाचा आकडा एका बाजूला, गुंडूची पटाशीची खाच दुसऱ्या बाजूला. रंग पावसानं जातो, खाच जात नाही, हे त्यानं साहेबाला हातवारे करून सांगितलं, खरं तर साहेबाला ते सांगायची गरज नव्हती. सगळं लाकूड बोळाच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली रचलं. बाराखांबीच्या शेवटच्या टोकाला उघडं आभाळ दिसायला लागलं आणि ताहिरनं चटई दोन हात आत ओढून घेतली.

शेवटच्या दिवशी साहेबानं यादी घेतली. बेसिल मोजत होता. तुळया, वासे, पट्ट्या, खुंट्या. खुंट्यांपाशी तो अडला. पुन्हा मोजल्या.

"मेस्त्री, एक खुंटी कमी आहे. आढ्याजवळची."

"माहीत आसा."

"कुठं गेली?"

गुंडूनं सदऱ्याच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "हय आसा."

"द्या की मग."

"नाय. छप्पर चढतला त्या दिवशी मी ठोकतलंय. तोवर ती माज्याकडे."

बेसिलनं डोळे मिटले. "मेस्त्री, आता पुन्हा नका सुरू करू. साहेबांना काय सांगू मी?"

"माज्या बापाशीचा सांग. खुंट्या कित्याक ठेवी, ता सांग. आणि सांग, तेंच्या गावात कोणी अशी एक खुंटी खिशात ठेवली असती तर."

ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. बेसिलनं बराच वेळ लावून सांगितलं. साहेब ऐकत होता, खिशावरच्या हाताकडं बघत. मग त्यानं पेन्सिल काढली, यादीत खुंटीच्या ओळीवर काट मारली आणि बाजूला काहीतरी लिहिलं.

"काय लिवलान?"

"मेस्त्रीकडे, असं लिहिलंय."

गुंडूनं यादी हातात घेतली. इंग्रजी अक्षरं, मुंग्यांसारखी. त्यानं कागद उन्हात धरून बघितला, जणू पाठीमागून काही वेगळं दिसेल. मग पेन्सिल बेसिलच्या हातात दिली.

"बाजूक मराठीत लिव. आणि मोठ्यान वाच. शंभू आयकता."

बेसिलनं लिहिलं, मोठ्यानं वाचलं. समोरून शंभू म्हणाला, ऐकलं. तेव्हा कुठं गुंडूनं यादी परत दिली, खिशाचं बटण लावलं, वरून एकदा हात दाबून बघितलं आणि उघड्या आभाळाखाली फुल्या ठोकायला बसला.